ड्राइव्हच दिसत नाही : लोणावळ्याचा पाऊस, काकूंचा कॉम्प्युटर आणि एक लाल वायर

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा समोर ठेवून एकेक पायरी करायची आहे, त्यांच्यासाठी.)

मी आज कामशेतहून बोलतोय आणि मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे. माइकचा दोष नाही. दोनदा रेकॉर्डिंग थांबवलं, म्हटलं जरा कमी होऊ दे. तो काही ऐकेना. मग म्हटलं, विषयच पावसाशी जोडलेला आहे, तर राहू दे त्यालाही सोबत.

आजचा विषय असा : घरचा कॉम्प्युटर चालू होतो, पंखा फिरतो, स्क्रीनवर अक्षरंही येतात, पण आत बसवलेली हार्ड डिस्क किंवा एसएसडी त्याला दिसतच नाही. काळ्या स्क्रीनवर एक इंग्रजी ओळ येते, ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, आणि पुढे काही नाही. पावसाळ्यात मला येणाऱ्या फोनमध्ये हा एक ठरलेला फोन असतो. आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, “हार्ड डिस्क गेली वाटतं.” दुसरं वाक्य असतं, “फॉरमॅट मारून बघू का?”

तर पहिल्या वाक्याचं उत्तर आहे, ‘कदाचित नाही’. आणि दुसऱ्याचं उत्तर आहे, ‘अजिबात नको’. का, ते आज एका खऱ्या प्रसंगातून सांगतो.

काकूंचा फोन

लोणावळ्याला तुंगार्लीच्या बाजूला माझ्या ओळखीच्या एक काकू राहतात. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. काका तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा बाहेरगावी. घरात एक जुना असेंबल केलेला कॉम्प्युटर आहे, काकांनीच करून घेतलेला. त्यात विंडोज असलेली एक छोटी एसएसडी, सगळा डेटा असलेली १ टीबीची हार्ड डिस्क, आणि एक डीव्हीडी रायटर. डीव्हीडीचं आता कुणाला काम पडत नाही, पण या गोष्टीत तिचं काम आहे, म्हणून लक्षात ठेवा.

जुलैतली गोष्ट. काकू दहा दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. जाताना विजा कडाडत होत्या म्हणून त्यांनी सगळे प्लग काढून ठेवले. हे त्यांनी अगदी बरोबर केलं. परत आल्या, प्लग लावला, बटन दाबलं, तर ती काळी स्क्रीन.

मला फोन केला. म्हणाल्या, “अरे, तो कॉम्प्युटर काय म्हणतोय बघ. तो गेला तर गेला, मला त्याचं काही नाही. पण ह्यांनी आत्याबाईंच्या ओव्या त्यात ठेवल्यात.”

आत्याबाई म्हणजे काकूंच्या सासूबाई. पवन मावळातल्या. नव्वदीपर्यंत जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ. काकांनी त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मोबाइलवर एकेक करून ४१ रेकॉर्डिंगं केली होती. तो मोबाइल पुढे बिघडला आणि टाकून दिला. रेकॉर्डिंगं उरली ती फक्त या हार्ड डिस्कवर. एकच प्रत.

तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो संग्रह आज ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतो. म्हणजे त्या बायकांचे आवाज राहिले, कारण कुणीतरी ते लिहिले, ध्वनिमुद्रित केले, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी ठेवले. काकूंच्या सासूबाईंच्या ओव्या त्यात नाहीत. त्या होत्या तुंगार्लीतल्या एका बंद पडलेल्या डब्यात.

मी म्हटलं, “काकू, आता एकच करा. बटन परत परत दाबू नका. प्लग काढून ठेवा. मी उद्या येतो.”

हीच आजची पहिली सूचना. डेटा महत्त्वाचा असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघायचं नाही. डिस्क खरोखरच आजारी असेल तर प्रत्येक वेळी ती थोडी अजून बिघडते.

आधी डोकं, मग पेचकस

दुसऱ्या दिवशी लोकलने गेलो. कामशेत, मळवली, लोणावळा, दोनच स्टेशनं. तेवढ्यात विचार करायला वेळ मिळाला.

मंडळी, दुरुस्तीत एक साधा नियम आहे. एक वस्तू बंद पडली तर त्या वस्तूवर संशय घ्या. दोन-तीन वस्तू एकदम बंद पडल्या तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधा. घरातला एक दिवा गेला तर बल्ब बघतो. तीन खोल्यांतले दिवे एकदम गेले तर कुणी तीन बल्ब आणायला धावत नाही, आधी फ्यूज बघतो. कॉम्प्युटरचंही तेच.

त्यामुळे गेल्यावर मी कॅबिनेट उघडलं नाही. आधी चालू केलं आणि डिलीट बटन दाबत बायॉसमध्ये गेलो. काही मशिनवर एफ-२ असतं, लॅपटॉपवर एफ-१० किंवा एफ-१२ही असतं. सुरू होताना खाली लिहून येतं. बायॉस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा प्रोग्राम. मदरबोर्डला कोणकोणत्या वस्तू जोडल्या आहेत ते तो सांगतो.

इथे समस्येचे दोन रस्ते होतात. नीट ऐका, कारण इथेच बरेच जण चुकतात.

बायॉसमध्ये ड्राइव्हचं नाव दिसतंय, पण विंडोज सुरू होत नाही किंवा विंडोजमध्ये ड्राइव्ह दिसत नाही, तर डिस्कला वीज मिळते आहे आणि ती मदरबोर्डशी बोलते आहे. दोष पुढे कुठेतरी आहे : बूटचा क्रम, विंडोज, ड्रायव्हर, पार्टिशन.

बायॉसमध्येच नाव नाही, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. विंडोज पुन्हा टाकूनही काही होणार नाही. दोष वीज, केबल, पोर्ट, बायॉसची सेटिंग किंवा डिस्क स्वतः, यांपैकी एकात आहे.

काकूंच्या मशिनमध्ये सगळे साटा पोर्ट रिकामे दाखवत होते. एसएसडी नाही, हार्ड डिस्क नाही, डीव्हीडी नाही. तीनही एकदम गायब! मला खरं तर बरं वाटलं. तीन वेगळ्या वस्तू एकाच दिवशी मरत नाहीत. काकूंना म्हटलं, “काकू, आशा आहे.” त्या म्हणाल्या, “तू चहा घे आधी.”

खोटी वाट : सेल

बायॉसमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. तारीख चुकलेली, कित्येक वर्षं मागची, १ जानेवारी. याचा अर्थ मदरबोर्डवरचा बटन सेल संपला.

हा सेल असतो सीआर २०३२. नावातच माप आहे : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. ३ व्होल्टचा. प्लग काढलेला असताना घड्याळ आणि बायॉसच्या सेटिंग सांभाळणं हे त्याचं काम. प्लग लावलेला असेल तर मशिन बंद असूनही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे सेल संपलाय हे कळतच नाही. काकूंनी दहा दिवस प्लग काढला आणि जुनं दुखणं उघडं पडलं.

सेल संपला की बायॉस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो. त्याने ड्राइव्हचा घोळ होऊ शकतो. उदाहरणार्थ, साटाचा मोड बदलतो आणि विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन येते. किंवा एखादा पोर्ट बंद होतो. म्हणून मला वाटलं, सापडलं! बाजारात गेलो, घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, बसवला, तारीख लावली, साटा पोर्ट चालू आहेत ना बघितलं, सेव्ह केलं.

आणि ड्राइव्ह? नाहीतच.

हे मुद्दाम सांगतोय. दोष सापडला म्हणजे तोच दोष होता असं नाही. सेल संपलाच होता, बदलायलाच हवा होता. पण तीन ड्राइव्ह गायब होण्याचं कारण तो नव्हता. आपण एखादी चूक शोधली की इतके खूश होतो की दुसरी शोधतच नाही.

हात लावून बघा, कान देऊन ऐका

मग मी डीव्हीडी रायटरचं बटन दाबलं. ट्रे बाहेर आला नाही.

आता बघा. ट्रे बाहेर यायला मदरबोर्ड लागत नाही, डेटा केबलही लागत नाही. फक्त वीज लागते. ट्रे येत नाही म्हणजे डीव्हीडीला वीजच मिळत नाही. मग हार्ड डिस्कवर हलकेच बोट ठेवलं. फिरणाऱ्या हार्ड डिस्कची बारीक थरथर बोटाला लागते. इथे काही नाही. थंडगार.

प्लग काढला, पाच मिनिटं थांबलो, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि आतलं नीट बघितलं. एसएमपीएसमधून चार पिनांची जुन्या पद्धतीची एक वायर आली होती, जिला आपण मोलेक्स म्हणतो. तिला एक फाटा जोडला होता, जो पुढे तीन साटा ड्राइव्हना वीज देतो. तीनही ड्राइव्ह त्या एकाच फाट्यावर! तोच आपला फ्यूज.

फाटा ओढून काढला. मोलेक्सच्या पिनांवर हिरवट थर. आणि लाल वायरच्या पिनेभोवती पांढरं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं.

या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, काळ्या दोन्ही ग्राउंड. एसएसडी चालते ५ व्होल्टवर. मोठ्या हार्ड डिस्कची मोटर १२ वर फिरते, पण तिचा मेंदू, म्हणजे खालचं सर्किट, त्याला ५ व्होल्ट लागतात. ते नाहीत तर मोटर फिरवा असं सांगणारंच कुणी नाही. डीव्हीडीचंही तसंच. म्हणजे एक लाल वायर गेली की तिघेही गप्प. आणि मदरबोर्डला त्याची वीज २४ पिनांच्या वेगळ्या वायरीतून मिळते, म्हणून पंखे फिरतात, स्क्रीन येते, आणि आपल्याला वाटतं वीज तर आहे!

मल्टिमीटर लावून खात्री केली. एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्सवर पिवळीला १२.१, लालला ५. फाट्याच्या टोकाला पिवळीवर १२, लालवर शून्य. एसएमपीएस ठणठणीत. फाटा गेलेला.

पावसाचा यात काय संबंध?

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुणे शहरात पडतो साधारण ७००-७५०. मधे अंतर फक्त साठ-पासष्ट किलोमीटर. लोणावळ्याहून कामशेत, वडगाव, तळेगाव असं पूर्वेला यावं तसा पाऊस कमी होत जातो, हे आपण लोकलच्या खिडकीतूनही बघतो. लोणावळ्यात जुलैत पापड डब्यात मऊ पडतात, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, काडेपेटी ओढता ओढता काड्या संपतात. अजूनही काही घरांत कपाटात एक बल्ब लावून ठेवतात, कपडे कोरडे राहावेत म्हणून. मग त्याच खोलीतल्या कॅबिनेटमधल्या पिना कशा वाचतील?

पिन आणि खोबणी यांची पकड सैल असेल तर मधे ओल शिरते, थर जमतो. थर जमला की विजेला अडथळा होतो, अडथळ्याने ती जागा तापते, तापल्याने पकड अजून सैल होते. हे कित्येक महिने चाललं असणार. रोज मशिन चालू होतं तोवर आतल्या उबेने ओल टिकत नव्हती. दहा दिवस घर बंद, मशिन गार, वर प्लॅस्टिकचं कव्हर. उरलीसुरली पकडही सुटली.

गंमत बघा. याच पावसावर वळवण, लोणावळा, शिरवटा ही धरणं भरतात आणि त्यांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये वीज तयार केली, मुंबईच्या गिरण्या चालवायला. शंभर वर्षांहून जास्त काळ हा पाऊस वीज देतोय. आपल्या पिनांपर्यंत ती पोहोचू द्यायची नाही, हेही तोच करतो.

तोच संदेश, वेगळं कारण

खराब फाटा पुन्हा घासून बसवायचा मोह होतो. जळकी खूण असेल तर तसं करू नका. तापलेली जोडणी पुन्हा तापते. या एसएमपीएसला एक सरळ साटा वायर मोकळी होती, मागे दुमडून ठेवलेली. ती वापरली. एसएसडी आणि हार्ड डिस्क त्यावर जोडली, डीव्हीडी सोडूनच दिली. फाटा घ्यावाच लागला तर ज्यात प्रत्येक वायर वेगळी दाबून बसवलेली दिसते तसा घ्या. प्लॅस्टिक ओतून एकसंध केलेल्या स्वस्त टोकांमध्ये आतल्या आत वायरी जवळ येऊन जळण्याचे प्रकार होतात.

आणि एक इशारा. ज्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात, तिथे दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी लावू नका. टोक बसतं, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले तर डिस्क एका क्षणात जाते. तसंच एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते.

चालू केलं. हार्ड डिस्क घरघरली. काकू दारातून म्हणाल्या, “हा आवाज ओळखीचा आहे.”

आणि स्क्रीनवर? परत तीच ओळ. ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. काकूंचा चेहरा उतरला. पण बायॉसमध्ये गेलो तर आता दोन्ही ड्राइव्ह दिसत होते. म्हणजे आपण दुसऱ्या रस्त्यावरून पहिल्या रस्त्यावर आलो होतो. सेल संपल्याने बूटचा क्रम मूळ सेटिंगवर गेला होता आणि मशिन विंडोज शोधत होतं हार्ड डिस्कवर, जिथे ते नव्हतंच. एसएसडी पहिल्या क्रमांकावर आणली, सेव्ह केलं, आणि विंडोज सुरू व्हायला लागलं. सेलचा दोष असा शेवटी कामाला आला.

सगळ्यात महत्त्वाची दहा सेकंदं

आता ऐका, कारण हा भाग मला तुमच्यापर्यंत पोहोचवायचाच आहे.

विंडोज सुरू होताना एक संदेश आला : डी ड्राइव्ह तपासायचा आहे, तपासणी टाळायची असेल तर अमुक सेकंदांत कोणतंही बटन दाबा. बरेच जण म्हणतात, बरं झालं, करू दे दुरुस्त. मी बटन दाबलं आणि तपासणी टाळली.

का? ती तपासणी डिस्कवर लिहिते. ती ड्राइव्हची रचना सुसंगत करते, तुमच्या फाइली वाचवणं हा तिचा पहिला हेतू नाही. डिस्कची तब्येत माहीत नसताना आधी प्रत काढायची, दुरुस्ती नंतर. तसंच कधी विंडोज म्हणतं, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’, किंवा डिस्क मॅनेजमेंटमध्ये विचारतं, ‘इनिशियलाइझ करू?’ नवी कोरी डिस्क असेल तर ठीक. डेटा असलेल्या जुन्या डिस्कवर दोन्हींना नाही म्हणायचं.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम पेन ड्राइव्हमध्ये नेला होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तो ती वाचून दाखवतो. पिवळा शेरा आला : सावधान. सी-५ या नोंदीत काही सेक्टर प्रलंबित, म्हणजे वाचता न येणारे, होते. महिनोन्‌महिने ५ व्होल्टची वीज तुटत असताना लिहिणं अर्धवट राहिलं असावं. लगेच सांगतो, सी-७ ही नोंद वाढत असेल तर बहुतेकदा दोष डेटा केबलचा असतो. केबल बदलली की काम होतं, डिस्क टाकायची गरज नसते.

मग काकूंना विचारलं, “आधी काय काढू? एकच फोल्डर सांगा.” लग्नाचे फोटो होते, मुलाच्या मुंजीचे होते, सातबाराची स्कॅन केलेली पानं होती. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. “आत्याबाई.”

हा प्रश्न विचारायलाच हवा. आजारी डिस्कवरून सगळं एकदम कॉपी करायला लावलं तर ती नको त्या चित्रपटांवर शेवटचा दम खर्च करते. आधी जे परत मिळणार नाही ते. सातबारा ऑनलाइन पुन्हा निघतो.

४१ पैकी ३९ फाइली बाहेरच्या डिस्कवर सरळ उतरल्या. दोन अडकल्या. मी तिथे हट्ट केला नाही. बाकीचं सगळं काढून घेतलं, मग डिस्क घरी आणली आणि लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. तो आधी चांगला भाग उचलतो आणि खराब जागी नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. रात्रभर चाललं. एक फाइल पूर्ण मिळाली. दुसरीत मधेच आवाज तुटतो, दोन ओव्यांच्या मधल्या काही ओळी नाहीत. त्या परत आल्या नाहीत, येणारही नाहीत.

काकूंना ती फाइल लावून दाखवली. त्या म्हणाल्या, “त्या ओळी मला येतात.” आणि म्हणून दाखवल्या. मी त्याही रेकॉर्ड करून ठेवल्या, वेगळ्या फाइलमध्ये.

तुमच्यासाठी, थोडक्यात

बायॉसमध्ये ड्राइव्ह दिसत नसेल तर या क्रमाने जा.

१. बाहेरचे पेन ड्राइव्ह, कार्ड, डिस्क काढा. कधी कधी मशिन त्यांच्यावरूनच सुरू व्हायला बघत असतं.

२. तारीख बघा. चुकली असेल तर सेल बदला, पण तिथे थांबू नका.

३. किती ड्राइव्ह गायब आहेत ते मोजा. सगळे असतील तर सामाईक वायर बघा. एकच असेल तर त्याची डेटा केबल दुसऱ्या चालू ड्राइव्हशी अदलाबदल करा, मग पोर्ट बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने झालं ते कळत नाही.

४. एम-डॉट-टू प्रकारची पट्टीसारखी नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली, तर घाबरू नका. पुष्कळ मदरबोर्डवर एम-डॉट-टूची जागा वापरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. मॅन्युअल बघा, डिस्क दुसऱ्या पोर्टला लावा.

५. बायॉसमध्ये दिसते, पण विंडोज टाकताना ड्राइव्हची यादी रिकामी, असं अकराव्या पिढीच्या किंवा पुढच्या इंटेल लॅपटॉपवर झालं तर बहुधा व्हीएमडी नावाच्या सेटिंगमुळे. इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्या. कोरं मशिन असेल तर ती सेटिंग बंद करूनही चालतं. आधीच विंडोज असलेल्या मशिनवर मात्र ती बंद करू नका, नाहीतर विंडोज सुरू होणार नाही.

६. डिस्क टकटक आवाज करत असेल, पडली असेल, पाण्यात भिजली असेल, जळका वास येत असेल, तर घरचा प्रयोग बंद. प्लग काढा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवणं, तांदळात पुरणं, उघडून बघणं, यातलं काहीही करू नका.

आणि पावसाळ्यासाठी. मशिन रोज नाही तरी एक दिवसाआड अर्धा-पाऊण तास चालू ठेवा. चालू नसतानाही प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, सुती कापड टाका. भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवा. जूनच्या आधी एकदा उघडून, प्लग काढून, सगळ्या जोडण्या काढून पुन्हा घट्ट बसवा. विजा चमकताना प्लग काढाच, काकूंनी काढला तसा. आणि ज्यांचे लोणावळ्यात, पवना धरणाच्या बाजूला बंगले आहेत आणि चार-चार महिने बंद असतात, त्यांनी डेटाची एकमेव प्रत तिथे ठेवू नये.

पीटर क्रॉघ नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक नियम आहे, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. काकूंच्या ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत : एक त्यांच्या नव्या एसएसडीवर, एक कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि एक मुलाकडे. जुनी हार्ड डिस्क मी बाजूला काढून ठेवली. काकू म्हणाल्या टाकू नको, तर टाकली नाही. पण तिच्यावर आता भरवसा ठेवायचा नाही.

या सगळ्याला खर्च किती आला? सेल, एक बाहेरची डिस्क, एक एसएसडी, आणि माझं लोकलचं तिकीट. मजुरीत चिक्कीचा डबा मिळाला. तो घट्ट झाकणाचा होता, कारण लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला ओल काय करते हे माहीत असतं. फक्त कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण विसरतो.

तर मंडळी, आज हा भाग ऐकून किंवा वाचून झाला की एकच काम करा. जी फाइल गेली तर परत मिळणार नाही, अशी एक फाइल शोधा. आजी-आजोबांचा आवाज, कुणाचं पत्र, काहीही. तिची अजून एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. लाइट गेलेली नाही तोवर करून टाका.

तुमच्याकडे असा काही प्रसंग झाला असेल, किंवा मी सांगितलेल्या क्रमात काही राहिलं असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात बोलू इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल, तीही पावसाळ्यात रुसते. तोपर्यंत काळजी घ्या, घाटात गाडी जपून चालवा. नमस्कार.